जोगाला आत घेण्याचा दिवस

"दाणे जुळले की तुम्ही उठून बाहेर जा, भाऊजी," लालसू मागून म्हणाला. "हात धुवायचं निमित्त करा. आत थांबू नका."

मी मोटारसायकल चालवत होतो आणि तो मागे बसला होता, त्यामुळे त्याचं तोंड दिसत नव्हतं. पुढे नाला होता. नाल्यातून गाडी काढताना माणसाला दुसऱ्या कशाचाही विचार करता येत नाही, आणि गडचिरोलीच्या दक्षिण टोकाला पावलोपावली नाले आहेत हा त्या मुलखाचा मोठाच गुण. पलीकडे चढल्यावर मात्र विचार करणं भाग पडलं.

"आणि तू?" मी विचारलं.

"मी आतच."

"कोपा?"

"तोही आतच," लालसू म्हणाला. "आईला तेवढं बाहेर न्या."

लालसू पुंगाटी माझ्या बायकोचा धाकटा भाऊ, पोलिसात शिपाई. कोपा थोरला, कित्येक वर्षांपासून जंगलात, नक्षलवाद्यांच्या दलमबरोबर. दलमने कोपाला नवं नाव दिलं होतं विजय, आणि शाळेच्या मास्तरने दाखल करून घेताना लालसूचं लालसिंग केलं होतं. घरात मात्र दोघांची जुनीच नावं चालत. माझी सासू पालो म्हणायची, नाव बदलायला कुणाच्या बापाचं काय जातं, बाळंतपण मी केलं.

या दोघांचा बाप जोगा. मागच्या उन्हाळ्यात, कोंबडं आरवायच्या आधी, दलमने त्याला घरातून बोलावून नेलं. सकाळी तो गावाबाहेरच्या रस्त्यावर सापडला. खबऱ्या होता म्हणे. पोलिसात मुलगा असणं हा त्याच्यावरचा आरोप, आणि दलमात मुलगा असणं हा त्याचा बचाव. दोन्ही एकाच म्हाताऱ्यापाशी होते. सुनावणीत आरोप धरला गेला, बचाव धरला गेला नाही. त्याआधी पोलिसांनीही त्याला कोपाचा बाप म्हणून उचलून नेलं होतं आणि तेव्हा नेमकं उलटं झालं होतं. जोगाला यातलं काही कळत असेल असं मला वाटत नाही. त्याला मोहाचं झाड कुठल्या अंगाने आधी गळेल ते कळायचं.

मी जवळच्या आश्रमशाळेत विज्ञान शिकवत होतो. माझं गाव वरचं, मैदानातलं. आमच्या शाळेत कधी पोलिस मुक्कामाला असत, कधी जंगलातले लोक येऊन सभा घेत. दोघेही एकाच किटलीतला चहा प्यायचे आणि जाताना एकच प्रश्न विचारायचे: काल इथे कोण आलं होतं? मी सांगायचो, साप. ते बहुधा खरंही असायचं.

तर लालसूच्या बोलण्याचा अर्थ मला चांगला कळला होता, आणि तो वाचकांना कळावा म्हणून त्या गावची रीत सांगणं भाग आहे.

जो माणूस मारला जातो, त्याचा जीव गावाच्या शिवेवर हिंडत राहतो. त्याला बोलावून आत आणावं लागतं, घराच्या मागल्या खोलीत पितरांचं मडकं असतं, तिथे त्यांच्या संगतीला बसवावं लागतं. त्यासाठी त्याची विधवा कोऱ्या मडक्यात पाणी घेऊन मांडीवर धरते. थोरला मुलगा बापाच्या नावाने धानाचा एक दाणा त्या पाण्यावर सोडतो. गावचा पुजारी, त्याला पेरमा म्हणतात, तो पितरांच्या नावाने दुसरा सोडतो. दाणे तरंगतात. ते तरंगत येऊन एकमेकांना लागले, की मेलेला आत आला. आणि लागले की नाही हे सांगायचं जावयाने, म्हणजे सोयऱ्याने. घरच्यांनी सांगायचं नाही, कारण रक्ताच्या माणसाला हवं ते दिसतं. न्यायाधीश नेमायची याहून चांगली रीत मी अजून पाहिलेली नाही.

मेलेला आत येईपर्यंत त्याची सगळी मुलं एका सुतकात असतात. सुतकात भावाने भावावर हात उचलायचा नाही, त्यांच्या अंगाला दुसऱ्या कुणीही लावायचा नाही. कोमटी आजा, तिथला पेरमा, त्याने बाजारच्या दिवशी दोन्हीकडे निरोप धाडला होता, आणि दोन्हीकडून हो आलं होतं. दलमने कोपाला एका दिवसाची मोकळीक दिली. लालसूने साहेबांना सांगितलं, दाढ काढायला चंद्रपूरला जातो.

दाणे जुळले की सुतक संपणार होतं. लालसू त्याचीच वाट बघत होता.

"आवाज कोपाचा होता," तो मागून बोलत राहिला. "बाबा दुसऱ्या कोणाला उघडत नव्हता. पलीकडच्या गावात एकाला असंच रात्री नेल्यापासून तो अडसर लावून झोपायचा. मी स्वतः तो अडसर करून दिला होता, सागाचा. सकाळी तो आतून काढलेला होता, जी. कोणी तोडला नव्हता."

"आत्या काय म्हणाली?" सासूला आम्ही आत्या म्हणतो.

"झोपली होती म्हणते," लालसू म्हणाला. "शेजारच्या घरात कोंबडीने पंख झाडले तरी जागी होते ती."

मी त्याला समजावून पाहिलं. कायदा, नोकरी, लहान मुलं, मास्तर लोकांकडे जे असतं ते सगळं काढलं. तो ऐकून घेत होता. पोलिसात ऐकून घ्यायची सवय चांगली लावतात. शेवटी म्हणाला की पोलिस म्हणून त्याला कोपाला धरायचंच नाही. पोलिस म्हणून धरलं तर कोपा शरण येईल, बक्षीस घेईल, शरण आलेल्यांच्या वसाहतीत घर घेईल. बंदूक त्याने आणली नव्हती. घरी कुऱ्हाड होती.

निघताना माझी बायको मैनी दारात उभी होती. तिचे दिवस भरत आले होते आणि डॉक्टरांनी त्या रस्त्यावरून जायला मनाई केली होती. ती रडली वगैरे नाही. बाजारातून मीठमिरची आणायला सांगावं तशी म्हणाली, "दोघांनाही जिवंत ठेवून या." मी हो म्हटलं. नवऱ्याला हो म्हणायला काय लागतं?

एक गोष्ट मला सारखी खात होती. मी विज्ञान शिकवतो. पाण्यावर दोन हलके दाणे जवळ सोडले तर पाण्याचा पृष्ठभागच त्यांना एकमेकांकडे ओढतो. हे मी दरवर्षी वर्गात परातीत करून दाखवतो. म्हणजे इथे विज्ञान आणि पितर यांचं एकमत होतं. दाणे जुळणारच होते.

गावात पोचलो तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. पुंगाट्यांच्या अंगणासमोर साजाचं मोठं झाड आहे. त्याच्या बुंध्याला आलेल्या पुरुषांनी आपापल्या कुऱ्हाडी टेकवून ठेवल्या होत्या, कारण सुतकाच्या घरात लोखंड न्यायचं नाही. कोपा त्याच झाडाखाली बसून पळसाच्या पानांचे द्रोण लावत होता. मी त्याला माझ्या लग्नानंतर एकदाच पाहिलं होतं, तेव्हा तो अंगाने भरलेला होता. आता हिवतापाने नुसती काठी राहिली होती. लालसू त्याच्या समोरून घरात गेला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही, पण ज्या सफाईने पाहिलं नाही त्यावरून दोघांनाही दुसरा कुठे आहे ते नेमकं ठाऊक होतं.

मी कोपापाशी बसलो. जावयाला द्रोण लावावे लागतात.

"गुरुजी, आमचे लोक तुमच्या शाळेत सभा घेतात तेव्हा चहात साखर कमी असते," कोपा म्हणाला. "पोलिसांना जास्त घालता म्हणे."

"पोलिस साखर घेऊन येतात."

तो हसला. दात तेवढे पूर्वीचे होते. मैनीची चौकशी केली, मुलगा झाला तर काय नाव ठेवणार विचारलं, आणि मग पान दुमडता दुमडता म्हणाला, "लालसू कुठे बसणार?"

"दाराशी."

"हं. बरं आहे."

तेव्हा माझं लक्ष गेलं. त्याच्याजवळ कुऱ्हाड नव्हती. बंदूक तो आणणार नव्हताच, तो करार होता. पण त्या भागात कुऱ्हाडीवाचून रानातून येणारा पुरुष मी तोवर पाहिला नव्हता. झाडाला टेकवायलाही त्याने काही आणलं नव्हतं.

मला विचारायचं नव्हतं. विचारलं. "हाक तू मारलीस?"

कोपाने हातातला द्रोण पुरा केला, काडी टोचली, तो बाजूला ठेवला.

"चौकशी करून सोडू म्हणाले," तो म्हणाला. "तू हाक मार, म्हणजे म्हातारा घाबरायचा नाही." त्याने नवं पान घेतलं. "मी मारली. लगेच नाही उघडलं. मी म्हटलं, बरं झालं, नको उघडू. दुसरी हाक मी मारणार नव्हतो, गुरुजी. खरंच नव्हतो मारणार. पण मारायची वेळच आली नाही. दार उघडलं."

चौकशी करून सोडू. हे वाक्य मी दोन्ही बाजूंच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं होतं की ते कोणी कोणाकडून उचललं ते सांगणं कठीण होतं.

मी त्याला हळूच म्हटलं, की लालसूच्या मनात काय आहे ते तुला ठाऊक असेल तर अजून वेळ आहे, नदी जवळ आहे, पलीकडे दुसरं राज्य.

"मोठा मीच ना जी," कोपा म्हणाला. त्याला माझी कीव आली असावी. "दाणा कोण टाकेल?"

आतून पालोने हाक मारली की सकाळपासून मडकं घेऊन बसले आहे, पाय मुंग्यांनी भरले, पुरुषांच्या गप्पा संपल्या असतील तर या.

मागली खोली अंधारी होती, छपरातून पडलेल्या उन्हाच्या दोन पट्ट्या तेवढ्या. पालो भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर मडकं. तोंड इतकं रुंद की आतलं पाणी सगळ्यांना दिसावं. एका बाजूला कोमटी आजा, समोर कोपा, मडक्यावर वाकलेला मी. लालसू उंबऱ्यात, पाठ चौकटीला. साजाखाली टेकवलेली घरची कुऱ्हाड आता तिथे नव्हती. ती बाहेरच्या भिंतीला लागून उभी होती, उंबऱ्याच्या पलीकडे, म्हणजे रीतीने पाहिलं तर घराबाहेर. लालसू नियमात बसणारा माणूस.

कोमटी आजाने कोंबडी वाहिली, मोहाची दारू शिंपडली आणि पितरांची नावं घ्यायला सुरुवात केली. म्हातारा झाला होता, मध्येच एक पिढी गाळली. पालोने तिथल्या तिथे त्याला थांबवून जोगाच्या आज्याचं नाव सांगितलं, आणि वर म्हणाली की दारू आधी प्यायल्यावर असंच होतं. तो रागावला नाही. मागे जाऊन पुन्हा म्हणत आला. त्याचं लांबवणं मला फार आवडलं होतं. मला वाटत होतं त्याने अजून दोनचार पिढ्या विसराव्यात.

मग कोपाने दाणा घेतला. बापाला उद्देशून त्याने त्यांच्या माडिया बोलीत जे म्हणायचं असतं ते म्हटलं: तुझ्या घरी ये, तुझ्या माणसांत बस, वाट चुकू नको. दाणा पाण्यावर आला. पितरांचा दाणा आजाने पलीकडच्या काठाने सोडला.

दोन्ही जागच्या जागी थोडे फिरले. मग जोगाचा सरकू लागला. आधी इतका हळू की मला वाटलं मीच हललो. मग सरळ, घाईघाईने, जत्रेत हरवलेलं पोर आईला बघून धावतं तसा. दुसराही निघाला. पाण्याच्या मधोमध ते लागले आणि लागलेले राहिले.

मी पाहिलं. माझ्या मानेवर उंबऱ्याकडून कोणाचा तरी श्वास आल्यासारखा वाटला, पण लालसू जागचा हलला नव्हता.

हात धुवायला उठायची ती वेळ होती. मी उठलो नाही.

आणि मडकं हललं. फार नाही. मांडी अवघडल्यावर बाई जरा सरसावून बसते तेवढंच. पाण्यावर एक वर्तुळ उठलं, दाणे सुटले, एक जाऊन मडक्याच्या कडेला चिकटला.

"नाही लागले," पालो म्हणाली.

"जावई सांगेल," कोमटी आजा म्हणाला.

सगळे माझ्याकडे बघत होते. पालो बघत नव्हती, ती मडक्यात बघत होती. माझ्यासमोर कोपाचं हाडकुळं तोंड होतं, त्यावर कसलीही अपेक्षा नव्हती, आणि ते मला सगळ्यात असह्य झालं. मी परीक्षेचा निकाल सांगतो त्या आवाजात म्हणालो, "नाही लागले."

आजाने दुसरी कोंबडी मागवली. पुन्हा नावं, या वेळी एकही पिढी न गाळता. पुन्हा कोपाचा दाणा, पुन्हा ती धाव. या खेपेला पालोची मांडी उघडउघड हलली. पाणी सांडलं, तिचं लुगडं गुडघ्यापासून खाली भिजलं. ते पाणी जमिनीवरून ओघळत आजाच्या पायाशी आलं. त्याने पाय आवरून घेतला. पाण्याकडे पाहिलं, पालोकडे पाहिलं, आणि मग छपराकडे बघत माझं उत्तर ऐकलं.

"नाही," मी म्हणालो.

"जोगाचा राग गेला नाही अजून," आजाने जाहीर केलं. "पुढल्या कापणीनंतर पुन्हा बोलावू. तोवर सुतक आहे. दोघाही पोरांनी ऐकलं ना?"

कोपा म्हणाला, ऐकलं. लालसूला आजाने पुन्हा विचारलं. लालसू आईकडे बघत होता. मग म्हणाला, ऐकलं.

सुतकातल्या भावांनी शेजारी बसून जेवायचं असतं. तेही झालं. अंगणात पानं मांडली. दोघे गुडघ्याला गुडघा लावून बसले आणि कोणाच्या तरी हुकमाने जेवल्यासारखे जेवले. पूर्ण जेवणात त्यांच्यात दोनच शब्द झाले. कोपा म्हणाला, "मीठ." लालसूने मिठाचा द्रोण सरकवला आणि म्हणाला, "घे." जेवून कोपाने आईच्या पायांना हात लावला आणि नदीच्या वाटेला लागला. मागे वळून पाहिलं नाही, पण पळालाही नाही. मारायला येणारा मागून येत असेल तर येऊ दे, अशी ती चाल होती. कोणी गेलं नाही.

लालसू हातपंपावर हात धूत होता. मी पंप मारला. तो हात धूतच राहिला, त्यामुळे मीही मारतच राहिलो.

"जुळले होते," तो म्हणाला.

मी पाण्याकडे बघत पंप मारला.

"दोन्ही वेळा. मी उंबऱ्यात होतो, भाऊजी, उजेड माझ्या बाजूने होता."

"मग बोलला का नाहीस?"

"बोलायचं काम सोयऱ्याचं." त्याने ओले हात पाठीमागे पुसले. "तुम्ही आईला सांगितलं होतं का, माझ्या मनात काय आहे ते?"

मी म्हटलं, नाही, रस्त्यात तू सांगितलंस आणि घरी आल्यावर तिच्याशी बोलायला सवडच कुठे होती. त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. पोलिसाला खोटं ओळखता येतं, म्हणून मग त्याला मानावं लागलं. त्याने घराकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे होतं त्याला मी राग म्हणणार नाही. आपण लहान असताना चोरून केलेली गोष्ट आईला सगळा वेळ ठाऊक होती असं मोठेपणी कळावं, तसं काहीतरी.

"बाबा बाहेरच राहिला," तो म्हणाला. "पावसापाण्याचा."

पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकतो. पुढल्या कापणीनंतर पुन्हा मडकं मांडलं, पुन्हा दोघे आले, पुन्हा मी मडक्यात पाहिलं. त्याच्या पुढल्या वर्षीही. कोपा पुढे हिवतापाला कंटाळून शरण आला. लालसूने म्हटलं होतं तसं त्याला वसाहतीत घर मिळालं, बक्षीस मिळालं, आणि जुनं नाव कागदोपत्री परत मिळायला मात्र फार खेटे घालावे लागले. लालसू निवृत्त होऊन त्याच तालुक्याच्या गावात राहिला. दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. बाजारात समोरासमोर आले तर एक जण दुकानात शिरतो. पण कापणी झाली की दोघे एकाच एसटीने गावी जातात, एक पुढे बसतो, एक मागे. पालो अजून आहे. मडकं आता तिला पेलत नाही, दोन बायका दोन बाजूंनी धरायला बघतात, ती त्यांना हात लावू देत नाही. लोक म्हणतात जोगासारखा हट्टी मेलेला माणूस सगळ्या मुलखात झाला नाही. मी दरवर्षी तेच उत्तर देतो. मैनीला मी दोघे भाऊ जिवंत आणून दिले, आणि या एका गोष्टीचं श्रेय बरीच वर्षं मनातल्या मनात वाटून घेत आलो. थोडं मला, बाकी सासूला.

पण सासूने तिच्या वाट्याचं श्रेय पहिल्याच दिवशी परत केलं होतं.

त्या संध्याकाळी लालसू गाडीपाशी माझी वाट बघत होता. निरोप घ्यायला मी परसात गेलो. पालो चुलीपुढे बसून लुगडं वाळवत होती. मला काहीतरी चांगलं बोलायचं होतं. मी म्हटलं, "आत्या, दोन्ही पोरं वाचवलीस आज."

"मेलेल्याला घाई नसते," ती म्हणाली. "जितं असतं त्याला असते. थांबेल तो."

मला ते फार पटलं. शहाणी बाई, असं मी मनात म्हटलं, आणि निघायला वळलो.

"पण ते नाही, जावई," ती म्हणाली.

मी थांबलो. ती चुलीकडे बघूनच बोलत होती, आणि जे बोलली ते घरकामाचं काही सांगावं इतक्या साध्या आवाजात बोलली.

"त्याला उघडायचं नव्हतं. आवाज ऐकून उठून बसला, पण म्हणाला, आवाज कोपाचा आहे, पाय पुष्कळ आहेत. मी म्हटलं, पोरगा दाराशी आहे, उठ. तो उठेना. मी शिव्या दिल्या. म्हटलं, एक पोर पोलिसाला दिलंस, दुसऱ्याला दाराबाहेर उभा करतोस. मग उठला. कुऱ्हाड घेऊन निघाला तर मी हातातून काढून घेतली. म्हटलं, पोरासमोर कुऱ्हाड घेऊन जाशील?"

बाहेरून लालसूने गाडीचा भोंगा वाजवला. आम्ही दोघंही हललो नाही.

"लालसूला वाटतं कोपाने उघडायला लावलं," ती म्हणाली. "कोपालाही तसंच वाटतं. वाटू दे. आत आला की पितर त्याला काही विचारणार नाहीत. तो मला विचारेल. पितरांचं मडकं मागल्या खोलीत, भिंतीला लागून. मी तिथे झोपते."

तिने पानावर भात घेतला, वर थोडी कढी ओतली, आणि उठून परसाच्या कुंपणापाशी गेली. कुंपणापलीकडे रान सुरू होतं आणि उजेड कमी होत चालला होता. पान तिने कुंपणाबाहेर जमिनीवर ठेवलं, पदराने हात पुसले, आणि नवरा शेतातून उशिरा आल्यावर बोलते तशी किंचित कुरबुरीने बोलली.

"कोपाच्या बापा, ठेवलंय बघ. गरम आहे तोवर खाऊन घे."

पलीकडे पानांत काहीतरी हललं, कुत्रं असेल, वारा असेल.

"आत येऊ नको," ती म्हणाली. "मी सांगेन तेव्हा ये."